कंबर नाही हो, कुल्ला! तो शोधायचा कसा आणि कामाला लावायचा कसा

मागे एकदा तीन महिने माझी कंबर दुखत होती. म्हणजे मी तसं सगळ्यांना सांगत होते. बाम चोळून झाला, पट्टा बांधून झाला, गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपून झालं, शेवटी फिजिओकडे गेले तर तिने माझी कहाणी मध्येच थांबवली आणि म्हणाली, "एका बोटाने दाखवा, नेमकं कुठे." मी हात मागे नेला, बोट टेकवलं आणि मलाच हसू आलं, कारण बोट कमरेपासून चांगलं वीतभर खाली, जीन्सच्या मागच्या खिशाच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यावर. "ही कंबर नाही हो, हा कुल्ला," ती इतकं सहज म्हणाली की जसं काही कोपर म्हणतेय. म्हणजे तीन महिने बाम लागत होता वरच्या मजल्यावर आणि दुखत होतं खालच्या मजल्यावर.

आपण हा शब्द चारचौघांत घेतच नाही ना. इंजेक्शन घेतो कुल्ल्यावर आणि सांगतो "कमरेत घेतलं". आपटतो कुल्ल्यावर आणि म्हणतो "कमरेवर पडलो". पुस्तकात नितंब, पेपरात पार्श्वभाग, जिममध्ये ग्लूट्स, आणि घरी लहान पोराशी बोलताना मात्र बिनधास्त ढुंगण. मला विचाराल तर कामाचा शब्द कुल्लाच. ढुंगण म्हणजे मागचा सगळाच कारभार, धुण्यापुसण्यासकट, बूड म्हणजे आपण जे टेकवतो ते, ते तर पातेल्यालाही असतं, पण कुल्ला म्हणजे एका बाजूचा तो मांसल भाग, डावा की उजवा ते सांगता येतं आणि दुखणं बऱ्याचदा एकाच बाजूचं असतं. "माझा उजवा नितंब दुखतोय" असं म्हणून बघा एकदा, संस्कृत नाटकातलं पात्र दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. आणि ज्यांना ग्लूट फार शास्त्रीय वाटतं त्यांच्यासाठी, तो शब्द ग्रीक ग्लूटोसवरून आलाय आणि ग्लूटोस म्हणजे काय, तर कुल्लाच. (हिंदीत कुल्ला म्हणजे चूळ, त्यामुळे माउथवॉशच्या बाटलीवर "कुल्ला करें" वाचून आम्ही लहानपणी किती हसलोय ते विचारू नका.)

तर आधी शोधूया. उभं राहा, दोन्ही हात कमरेवर ठेवा, भांडायला उभे राहतो तसे. अंगठ्याखाली, बोटांखाली जी हाडाची कड लागते ती तुमच्या ओटीपोटाच्या हाडाची, म्हणजे पेल्विसची, वरची कड. ती कड म्हणजे हद्द समजा. तिच्या वर कंबर, तिच्या खाली मागच्या बाजूला कुल्ला. एवढं कळलं तरी निम्मा गोंधळ संपतो, खरंच सांगते.

आता प्रत्येक कुल्ल्यात तीन थर आहेत, तीन स्नायू एकावर एक. सगळ्यात वरचा, जो दिसतो आणि ज्यामुळे आकार येतो (चरबीचा वाटा वेगळा), तो ग्लूटियस मॅक्सिमस, अख्ख्या शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू. पेल्विसच्या मागच्या भागापासून, त्रिकास्थी (कण्याच्या तळाचं तिकोनी हाड) आणि माकडहाडाच्या बाजूने निघतो, तिरका खाली-बाहेर जातो आणि मांडीच्या हाडाला आणि मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत जाणाऱ्या जाड पट्ट्याला जाऊन चिकटतो. त्याचं मुख्य काम मांडी मागे ढकलणं, म्हणजे वाकलेल्या खुब्यातून तुम्हाला सरळ उभं करणं. दोन्ही तळवे कुल्ल्यांवर ठेवा आणि आवळा. टणक झाला तो मॅक्सिमस. आता तळवा तसाच ठेवून सपाट जमिनीवर चार पावलं चाला, फारसं काही होत नाही, नुसतं हललेलं कळतं. मग तसाच हात ठेवून जिना चढा. पाय वरच्या पायरीवर टेकवून अंग वर उचलताना हाताखाली गोळा टच्चकन घट्ट होतो बघा. मानवी उत्क्रांतीचे अभ्यासक डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हेच स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून मोजलं होतं, चालताना हा स्नायू फार थोडं काम करतो आणि पळायला लागलं की एकदम कामाला लागतो. म्हणून "मी रोज चालतो की" असं म्हणणाऱ्यांचेही कुल्ले कच्चे असू शकतात. चालणं चांगलंच आहे, बंद करू नका, पण या स्नायूला ते पुरत नाही.

दुसरा मॅक्सिमसच्या खाली पण थोडा वर आणि बाहेरच्या अंगाला, ग्लूटियस मिडियस, आणि माझ्या मते खरा कष्टाळू हाच, दिसत नाही म्हणून कोणी विचारत नाही. तो शोधायला पँटची बाजूची शिवण जिथे वर कमरेच्या पट्ट्याला मिळते तिथून चार बोटं खाली बोटं दाबून ठेवा, दोन्ही बाजूंना. आता डावा पाय जरासा उचला. उजव्या बोटांखाली काहीतरी ताठ झालं? तोच. पाय उचलला डावा आणि काम केलं उजव्याने, कारण उजव्याने पेल्विस धरून ठेवलं नसतं तर डावी बाजू खाली लचकली असती. चालताना प्रत्येक पावलाला हे होतंच, एक पाय हवेत असतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा मिडियस तोल सांभाळतो. तिसरा ग्लूटियस मिनिमस, मिडियसच्याही खाली, हाताला लागत नाही, त्याच्याच मदतीला असतो, पुढे जाऊया.

आरशासमोर एक टेस्ट करा. कपडे जरा अंगाला लागून असू द्या. उजव्या पायावर उभं राहा, डावा गुडघा थोडा वर, ३० सेकंद. बघायचं काय तर डावीकडची पेल्विसची कड खाली गेली का. गेली तर उजवा मिडियस कमी पडतोय, उजवा, डावा नाही, इथे सगळे गोंधळतात. ही खूण जर्मन सर्जन फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये सांगितली आणि डॉक्टर आजही तपासताना तीच वापरतात. बरेच लोक पेल्विस खाली जाऊ देत नाहीत पण त्याऐवजी सगळं धड उजवीकडे कलतं करतात, ते पण तेच, चोरवाट आहे ती. मी पहिल्यांदा केलं तेव्हा ११ व्या सेकंदाला भिंत धरली.

आणखी एक शोधायची गोष्ट म्हणजे बसायची हाडं. कडक खुर्चीवर बसा, तळवे वर करून हात बुडाखाली सरकवा आणि जरा पुढेमागे डुला, दोन टोकदार हाडं हातात रुततील. आपल्याला वाटतं आपण कुल्ल्यांवर बसतो, तर तसं नसतं, बसलं की मॅक्सिमस बराचसा वर सरकतो आणि वजन या दोन हाडांवर आणि त्यावरच्या चरबीवर येतं. तासन्‌तास कडक जागी बसून तिथली, हाडावर गादीसारखी असणारी पातळ पिशवी (बर्सा) सुजू शकते, आणि ती जागा हाताने दाबली की बरोब्बर कळ येते. मागच्या खिशात जाडजूड पाकीट ठेवून बसणाऱ्यांचं तर एक हाड कायम वर, पेल्विस तिरकं आणि वर पाकिटाचा दाब. पाकीट काढा हो, फुकटचा उपाय आहे.

आता जागे करण्याबद्दल. नेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की बसून बसून तुमचे कुल्ले झोपलेत, मेलेत, त्यांना विसर पडलाय वगैरे. स्नायू काही झोपत नाही, झोपला असता तर खुर्चीतून उठताच आलं नसतं. होतं काय की काम पडत नाही म्हणून ताकद उतरते, आणि मग उठताना, वाकताना, ओझं उचलताना शरीर ते काम मांडीच्या मागच्या स्नायूकडे आणि कमरेकडे ढकलतं, ऑफिसात एकाने दांडी मारली की फाईल शेजाऱ्याच्या टेबलावर जाते तसं. शेजारी करतो काही दिवस, मग कुरकुरतो. ती कुरकुर म्हणजे कधीकधी तुमची "कंबर".

पहिला व्यायाम ब्रिज. दिसायला इतका सोपा की सगळे चुकीचा करतात, म्हणून नीट सांगते. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, तळपाय जमिनीवर खुब्यांएवढ्या अंतरावर. टाचा किती जवळ? हात सरळ खाली ताणले की बोटांची टोकं टाचांना जेमतेम लागतील एवढ्या. टाचा लांब राहिल्या तर सगळं काम मांडीच्या मागचा स्नायू करतो आणि तिथे असा पेटका येतो की ओरडाल. आता वर जायच्या आधी श्वास सोडा, छातीच्या बरगड्या खाली बसू द्या, कमरेखालची पोकळी जरा कमी करा, मग कुल्ले आवळा आणि टाचांनी जमीन दाबत वर या. क्रम महत्त्वाचा, आधी आवळणं मग उचलणं. किती वर? खांदे, खुबा, गुडघा एका रेषेत आले की बस्स. त्याच्याही वर जाल तर ते कमरेतून वाकणं झालं, खुब्यातून नाही, आणि मग म्हणाल व्यायामाने कंबर दुखायला लागली. वर ५ सेकंद थांबा, हाताने कुल्ला चाचपून बघा, मऊ लागला तर तुम्ही नुसतेच वर गेलायत. सावकाश खाली. १० वेळा, मग मिनिटभर दम, असं २-३ वेळा. मला पहिल्या आठवड्यात उजवा कुल्ला डाव्यापेक्षा उशिरा आवळला जातोय हे स्पष्ट कळायचं, आधी पोटरी ताठ, मग मांडी, मग कुठे हे महाशय. साधारण तिसऱ्या आठवड्यात वेळेवर यायला लागले.

दुसरा मिडियससाठी. कुशीवर झोपा, खालचा पाय वाकवलेला, वरचा सरळ. पाठ, कुल्ला आणि टाच भिंतीला लावून झोपलात तर उत्तम कारण मग चोरी करता येत नाही. वरचा पाय टाच भिंतीवर घासत घासत वर न्या, बोटं समोर किंवा किंचित जमिनीकडे, छताकडे नाहीत. फूट-दीड फूट पुरे. बोटं छताकडे वळवली आणि पाय पुढे आला की मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या कोपऱ्यात लागतं, म्हणजे भलताच स्नायू राबतोय. कुल्ल्याच्या वरच्या-मागच्या भागात जळजळलं म्हणजे बरोबर. १० ते १२ वेळा. हे फार जड जात असेल तर दोन्ही गुडघे वाकवून, टाचा जुळवून, वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडायचा, कंबर मागे लोळू न देता.

तिसरा खरं तर व्यायाम नाही, सवय आहे. दोन्ही हातात सामान असताना आपण दार कसं लोटतो? ढुंगणाने. बस्स, तीच हालचाल. गुडघे जरा सैल, पाठ सरळ, आणि कुल्ले मागे, मागे, मागे जातात, धड आपोआप पुढे झुकतं. खाली पडलेलं उचलायचं असेल, बाळ उचलायचं असेल, खुर्चीत बसायचं असेल, आधी दार लोटा. भिंतीकडे पाठ करून एक पाऊल पुढे उभं राहा आणि कुल्ल्याने भिंतीला शिवून परत या, जमलं की अजून थोडं पुढे सरका. परत येताना कुल्ले आवळून सरळ व्हायचं पण पाठीमागे रेलायचं नाही.

मग खुर्चीतून हाताच्या आधाराशिवाय उठणं-बसणं. पाय जरा मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे झुका, टाचा दाबून उठा, आणि बसताना धपकन पडू नका, ३ आकडे मोजत बसा. गुडघे एकमेकांकडे आत वळत असतील तर तो परत मिडियसचा निरोप आहे, त्यांना बाहेर ढकलत उठा. हे १०-१२ वेळा सहज व्हायला लागलं की पायरीवर चढ-उतार, अख्खा तळपाय पायरीवर ठेवून, नुसता चवडा नाही, आणि खालच्या पायाने उडी न मारता. पुढे एका पायाचा ब्रिज, हातात वजन, गुडघ्यांच्या वर रबर बँड, जे काय वाढवायचं ते वाढवा, पण वाढवा. वर्षभर तेच १० ब्रिज करत राहिलात तर स्नायू म्हणेल मला हे पुरेसं येतंय, कशाला वाढू.

किती दिवस? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये मोठ्या स्नायूंचे ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान २ दिवस सांगितलेत. मी एक दिवसाआड करते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसताना-उठताना कुल्ले भरून आल्यासारखे वाटतात, दोन्हीकडे सारखं आणि मोघम दुखतं, ते चालतं, दोन-चार दिवसांत जातं. टोचल्यासारखं, एकाच बिंदूवर, किंवा दर वेळी वाढत जाणारं दुखलं तर थांबा. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसांना सराव झाल्याने, मांस भरायला त्याहून वेळ लागतो, तेव्हा पंधरा दिवसांत आरशात बघून हिरमुसू नका. आणि हो, ब्रिज करून कुल्ल्यांवरची चरबी कमी होत नाही, चरबी कुठून जाईल हे शरीर ठरवतं, तुम्ही नाही.

एक वेगळी केस सांगायलाच हवी कारण तीच माझी होती. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे मांडीचं हाड जरा उंचवट्यासारखं लागतं, तिथे दुखणं, त्या कुशीवर झोपलं की रात्री जाग येणं, जिना चढताना कळ येणं. हे बऱ्याचदा मिडियस-मिनिमसच्या टेंडनचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं, दुखणं असतं, चाळिशी ओलांडलेल्या बायकांमध्ये जास्त आढळतं. यात लोक पहिली चूक करतात ती म्हणजे ताणतात. गुडघा छातीशी, मग दुसऱ्या बाजूला ओढ, तात्पुरतं बरं वाटतं पण ताणताना तो टेंडन हाडावर आणखी दाबला जातो. त्याच कारणाने पायावर पाय टाकून बसणं बंद, एका कुल्ल्यावर भार टाकून लचकत उभं राहणं बंद (रांगेत, ओट्याशी, फोनवर, आपण सगळे तसेच उभे असतो), आणि कुशीवर झोपताना गुडघ्यांच्या मध्ये उशी, चांगली जाड, घोट्यापर्यंत. मला व्यायामाइतकाच फरक या उशीने पडला. आधी आठवडाभर विश्वासच नव्हता.

आणि सायटिका, म्हणजे कुल्ल्यातून पायात उतरणाऱ्या नसेचं दुखणं. कुल्ल्याच्या आत खोलवर पिरिफॉर्मिस नावाचा एक छोटा स्नायू आहे आणि साधारण त्याच्या खालून शरीरातली सगळ्यात जाड नस बाहेर पडून पायात उतरते. कुल्ल्यात इंजेक्शन द्यायचंच झालं तर वरच्या-बाहेरच्या चौकोनात देतात ते याच नसेला चुकवायला. कुल्ल्यातून निघून गुडघ्याखाली, पोटरीत, पावलात जाणारी कळ, मुंग्या, बधीरपणा असेल तर ते नसेचं प्रकरण धरा, मूळ मणक्यातही असू शकतं, घरच्या घरी ब्रिज करत बसू नका, दाखवून या. लघवी-संडासवरचा ताबा गेला, लघवी अडकली, किंवा दोन मांड्यांच्या मधली, बूड टेकतो ती जागा बधिर झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच क्षणी इमर्जन्सीत जायचं. म्हाताऱ्या माणसाने पडल्यावर "कमरेत लागलंय" म्हटलं आणि पायावर उभं राहता येत नसेल तर खुबा मोडलेला असू शकतो, चोळू नका, चालवू नका, उचलून न्या.

डॉक्टरकडे जाल तेव्हा कंबर शब्द विसरून जा. एक बोट ठेवा, उजवा कुल्ला की डावा ते सांगा, वरचा-बाहेरचा कोपरा, मधला मांसल भाग, की खाली बसायचं हाड, आणि कधी दुखतं, बसल्यावर, उठताना, जिन्यावर, का रात्री कुशीवर. माझ्या फिजिओला तेवढ्यावरून पाच मिनिटांत कळलं होतं, आणि मी त्याआधी तीन महिने बामाच्या दोन बाटल्या संपवल्या होत्या.